अटॅकनंतर घरी आणायचं बीपी मशीन: कंपनीआधी पट्टा बघा

अटॅक येऊन गेला, स्टेंट बसला, माणूस घरी आला की घरातले सगळ्यात आधी बीपी मशीन आणतात. चांगलंच करतात. फक्त ते घाईत आणलं जातं, आणि मग दिवसातून दहा वेळा बटण दाबून माणूस आकड्यालाच घाबरायला लागतो. जिना नको, टेकडी नको, लग्नकार्याला जाणं नको. खरं तर मशीन घ्यायचं ते ही भीती जावी म्हणून. आठवड्याची नोंद नीट असली की उरलेला दिवस बीपी डोक्यातून काढून टाकता येतं.

इथे बघतोय ते ओमरॉनचं एचईएम-७१२०. दंडावर बांधायचं, बटण दाबलं की आपोआप हवा भरणारं, चार पेन्सिल सेलवर चालणारं साधं मशीन. ज्याला रोजची नोंद ठेवायची आहे आणि मोबाइलशी जोडण्याची हौस नाही, त्याला एवढं पुरतं. मनगटावरच्या मशीनच्या नादी लागू नका. मनगट हृदयाच्या उंचीवर नेमकं धरलं नाही की आकडा फिरतो. घड्याळातलं बीपी तर औषधाचा डोस ठरवायला अजिबात धरू नये.

मुख्य मुद्दा पट्ट्याचा. याच्यासोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप घ्या आणि खांदा व कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. ३४-३५ भरला तर हा पट्टा कसाबसा बसेल, व्हेल्क्रो चिकटेलही, पण आकडा खऱ्यापेक्षा जास्त येईल. पुढचं नुकसान मोठं आहे: त्या खोट्या आकड्यावर गोळी वाढते आणि माणसाला उठल्यावर चक्कर यायला लागते. अशांनी ४२ सेंमीपर्यंतचा मोठा पट्टा घ्यावा, आणि तो त्याच कंपनीचा, त्या मॉडेलला चालतो याची खात्री करून. पुण्यात ससूनच्या आसपासची सर्जिकलची दुकानं असोत की सदाशिव पेठेतली, पट्टा दंडाला बांधून बघू द्या म्हणावं. देत नसतील तर पुढच्या दुकानात जावं. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्यावा.

आता मोजण्याबद्दल. निम्म्या चुका इथेच होतात. हे मशीन ठोके ऐकत नाही. पट्ट्यातला दाब बदलत असताना धमनीच्या ठोक्यांनी त्यात जी बारीक थरथर उठते, ती पकडून ते हिशोबाने आकडे काढतं. म्हणून हात हलला, बोललं, खोकला आला की हिशोब बिघडतो. सकाळी उठून लघवीला जाऊन यावं; चहा, नाश्ता आणि गोळ्या यांच्या आधी मोजावं. तळजाईच्या टेकडीवरून फिरून आला असाल तर अर्धा तास जाऊ द्या. टेकायला पाठ असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा, पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीवर. पट्टा उघड्या दंडावरच हवा. शर्टाची किंवा ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तिचाच आवळा बसतो, ती काढावीच. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने तळहाताच्या दिशेने, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतपतच घट्ट. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. संध्याकाळी जेवणाआधी पुन्हा तसंच.

पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात कायमचा. दोन्हीत वारंवार १० पेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टरांना सांगा. बायपास झालेल्यांनी तर नक्कीच.

हे सात दिवस करायचं. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर बीपी जास्त धरतात. अटॅक येऊन गेलेल्यांना डॉक्टर बहुतेकदा १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात, पण तुमचा आकडा त्यांनीच ठरवावा. एखादा १४८ दिसला म्हणून गोळी वाढवायची नाही, ११० दिसला म्हणून बंद करायची नाही. बीपी स्थिर झालं की रोज मोजायची गरज उरत नाही. तपासणीच्या आधीचा आठवडा पुरतो.

नाडीचा आकडाही वाचा. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल ही नाडी संथ करणारी गोळी चालू असेल तर ५५-६० दिसणं नवल नाही, गोळीचं कामच ते. त्यामुळे वयावरून काढलेलं नाडीचं टार्गेट चालताना अशांना लागू पडत नाही. त्यांनी चालताना बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, असा वेग ठेवावा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या असतील तर आधी डॉक्टरांचा होकार घ्या, मग टप्प्याटप्प्याने चढा. ठोके अनियमित असल्याची खूण स्क्रीनवर पुन्हा पुन्हा दिसली तर ईसीजी काढून घ्या.

एप्रिल-मेच्या उन्हात किंवा जुलाब झाल्यावर, विशेषतः लघवीची गोळी चालू असेल तर, उभं राहूनही मोजा: उठल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. बसलेल्यापेक्षा वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एक गोष्ट मात्र मशीनकडून मागू नका. छातीत दडपण आलं, घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखू लागला तर पट्टा शोधत बसायचं नाही. अटॅकमध्येही बीपी अगदी नॉर्मल दिसू शकतं. थेट १०८ ला फोन. सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी लिहून दिलेली असेल तरच जिभेखाली, आणि तीही बसून, कारण तिने बीपी झपकन उतरतं. एरवी काही त्रास नसताना १८०/१२० च्या वर आकडा आला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पुन्हा तोच आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत धाप, बोबडी वळणं किंवा हातपाय लुळे पडणं असेल तर वाट न बघता हॉस्पिटल.

देखभाल फारशी नाही. नळी मशीनभोवती आवळून गुंडाळू नका, मुळाशी चीर पडते आणि हवा गळते. हवा भरताना मध्येच एरर यायला लागला तर आधी ती चीर आणि नळीची जोडणी बघा, मग सेल बदला. पट्टा धुवायचा नाही, ओलसर फडक्याने पुसायचा. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा. वर्षातून एकदा मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांच्या मोजणीशी पडताळा, त्याच हातावर, लागोपाठ.