हप्ता कमी झाला, विमाच उडाला

विशीत मी रोज बाइक चालवायचो. मग संसार, मुलं, चारचाकी, आणि बाइक विकली गेली. सत्तेचाळिसाव्या वर्षी हौस पुन्हा उफाळली आणि थेट ६५० सीसीची घेतली.

विम्याचे आकडे बघून मात्र हबकलो. धडपडतात ती पोरं, आपल्या वयाला हप्ता कमीच, असं मी धरून चाललो होतो. ते अर्धंच खरं. जिथे चालवणाऱ्याकडे बघून हप्ता ठरतो, तिथे विशीतल्या पोरापेक्षा चाळिशी-पन्नाशीतल्याला साधारणपणे कमी पडतो. पण वयासोबत अलीकडचा अनुभवही मोजला जातो. मी अठरा वर्षांत हँडलला हात लावला नव्हता. जुना नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, केव्हाच बाद झालेला, त्यात इंजिन मोठं. कंपनीच्या हिशेबी मी केस पिकलेला नवशिक्या.

एका ओळखीच्या रायडरने एजंटचा नंबर दिला. एजंट म्हणाला, "सर, या वयात एवढा हप्ता? तुम्हाला लुटतायत." हेच ऐकायला माझे कान आसुसले होते. त्याने हप्ता एक तृतीयांशाने खाली आणला. पैसे मात्र त्याच्या खात्यात: "कंपनीला मी भरतो, माझ्या कोट्यातली सवलत तुम्हाला." संध्याकाळी पीडीएफ आली. माझं नाव, बाइकचा नंबर, कंपनीचा लोगो. मोबाइलवर, चष्मा न लावता, मी एवढंच वाचलं.

सात महिन्यांनी एका वळणावर खडीवरून बाइक घसरली. मी खरचटण्यावर सुटलो, पण टाकी आणि पुढचा फोर्क कामातून गेला. क्लेमसाठी कंपनीला फोन लावला. पॉलिसी नंबर खरा निघाला, तेव्हा हायसं वाटलं. मग पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ही पॉलिसी सुरू झाल्यावर चौथ्याच आठवड्यात रद्द झालीय."

हळूहळू सगळं उलगडलं. एजंटने खरीच पॉलिसी काढली होती, पण अर्जात थापा मारून. पाच वर्षांचा नो क्लेम बोनस दाखवला. रोज ऑफिसला बाइक नेतो हे मी सांगितलेलं. अर्जात 'फक्त हौसेसाठी'. रात्री रस्त्यावर उभी राहणारी बाइक कुलूपबंद गॅरेजात. कंपनीने बोनसचा पुरावा मागितला, स्मरणपत्र पाठवलं, शेवटी रद्द केल्याचं कळवलं. हे सगळं ज्या ईमेलवर गेलं तो माझा नव्हताच, त्याचा होता. हप्ता त्याच्या कार्डावरून भरलेला, म्हणून उरलेला परतावाही त्यालाच. म्हणजे पैसे दोनदा कमावले, एकदा माझ्याकडून आणि एकदा कंपनीकडून.

आणि मी? सहा महिने विम्याशिवाय रस्त्यावर. खडीऐवजी एखादा माणूस समोर आला असता तर त्याची भरपाई माझ्या घरादारावर आली असती. त्या विचाराने अजून झोप उडते. फोर्कचं काय, तो बदलता येतो. पोलिसांत तक्रार दिली आहे. एजंटचा फोन बंद.

एक फोन केला असता तर हे पहिल्याच महिन्यात कळलं असतं. पीडीएफवरचा नंबर लावू नका, तोही बनावट असू शकतो. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा लावा आणि विचारा: पॉलिसी चालू आहे का, अर्जात काय काय लिहिलंय, ईमेल कोणाचा आहे? पैसे थेट कंपनीला, स्वतःच्या खात्यातून. आणि भरलेला अर्ज मागून घ्या. पॉलिसी सगळेच मागतात, अर्ज कोणी मागत नाही. खोटं तर तिथेच दडलेलं असतं.

हप्ता सरळ मार्गानेही थोडा उतरतो. नुकसानीतला पहिला वाटा स्वतः सोसायची तयारी दाखवली, वर्षाला किती चालवणार ते खरं आणि कमी असलं, तर फरक पडतो. काही कंपन्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र किंवा चांगलं कुलूपही धरतात. एक तृतीयांश मात्र माझा कुठेच उतरला नाही.

आता नवीन विमा काढतोय. अर्जात प्रश्न आहे: 'यापूर्वी एखाद्या कंपनीने तुमची पॉलिसी रद्द केली आहे का?' चष्मा लावून 'हो'वर खूण केली. आकडा पहिल्यापेक्षाही वर गेला.