प्लाझ्मा प्रयोगशाळेची सेवा : काम चोख, नोंदी अपुऱ्या

आमच्या जैवसंवेदकातील सूक्ष्मवाहिन्या पीडीएमएस या सिलिकॉन रबरात घडवलेल्या असल्याने त्या काचेवर पक्क्या बसवण्यासाठी आम्ही एका विद्यापीठाच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेची सेवा घेतली. प्रक्रियेपूर्वी रबरावर ठेवलेला पाण्याचा थेंब मण्यासारखा उभा राहिला आणि त्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, सुमारे ११० अंश भरला. कमी दाबाच्या कक्षात ऑक्सिजन प्लाझ्माखाली (विद्युतभारित कणांच्या वायूखाली) मिनिटभर राहिलेल्या तुकड्यावर मात्र तोच थेंब टेकताक्षणी पसरला. पृष्ठभागावरील पाणी झटकणाऱ्या मिथाइल गटांच्या जागी पाणी ओढणारे सिलॅनॉल गट येतात आणि काचेशी त्यांचे सहसंयुज (मजबूत रासायनिक) बंध जुळतात, हे तेथील संशोधक सहायकाने कंटाळा न करता समजावून सांगितले. जोडलेला तुकडा ओढून पाहिला, तेव्हा रबर फाटले पण सांधा सुटला नाही.

तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याची. दुसरी खेप प्रक्रियेची वेळ न नोंदवता, कोरड्या डबीत, दोन दिवसांनी हाती आली आणि तोवर थेंब पुन्हा गोल होऊ लागला होता. आतील लहान रेणुसाखळ्या पृष्ठभागाकडे सरकल्याने रबराचा जलविरोधी स्वभाव परततो, हे या विषयातले प्राथमिक ज्ञान. नमुने पाण्यात बुडवून दिले असते, तरी ही घसरण बरीच मंदावली असती.

पेशी वाढवण्याच्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या तबकड्यांवरील प्लाझ्मा प्रक्रियेचे काम समाधानकारक झाले. सूक्ष्मवाहिन्यांसाठी मात्र काच सोबत न्यावी आणि जोडणी तेथेच, कक्ष उघडल्यानंतर काही मिनिटांत उरकावी.