नाजूक त्वचेसाठी दाढीचा ब्रश: गोव्याच्या दमट हवेत कोणता घ्यावा?

दाढी केल्यावर ज्यांच्या मानेवर लाल पुरळ उठते किंवा हनुवटीखाली आग होते, त्यांना पहिला सल्ला मिळतो तो ब्लेड बदलण्याचा. ब्लेडचा दोष असू शकतो, पण ब्लेड टेकण्याआधी ब्रश त्याच त्वचेवरून कितीतरी वेळा फिरलेला असतो, आणि बोचऱ्या ब्रशने घासून आधीच लाल झालेल्या मानेवर उत्तमातले उत्तम ब्लेडही चुरचुरतेच. माझी त्वचा अशीच हळवी आहे आणि राहणे फोंड्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर धड कपडेही न वाळणाऱ्या हवेत. त्यामुळे ब्रश पारखताना मी दोन गोष्टी पाहतो: केसांची टोके त्वचेला कशी लागतात, आणि आज वापरलेला ब्रश उद्या सकाळपर्यंत कोरडा होतो की नाही.

डुकराच्या केसांचा ब्रश सर्वांत जुना आणि स्वस्त पर्याय. इटलीची ओमेगा आणि पोर्तुगालची सेमोग या कंपन्या त्यासाठी नावाजलेल्या आहेत. हे केस पाणी शोषतात, म्हणून वापरण्यापूर्वी ते काही मिनिटे भिजत ठेवावे लागतात. नवा ब्रश चांगलाच टोचतो. नियमित वापराने प्रत्येक केसाचे टोक दुभंगत जाते आणि मग कुठे तो मऊ होतो. साध्या त्वचेच्या माणसाने तेवढा धीर धरावा, कारण मुरलेला ब्रश साबण फार छान उचलतो. नाजूक त्वचेला मात्र हे सुरुवातीचे आठवडेच जड जातात. शिवाय पाणी शोषणारा केस आपल्या पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि ओलसर राहिलेल्या ब्रशला कुबट वास येतो. डुकराचे केस तोंडाला लावणे धर्माने किंवा घरच्या रीतीने ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी तर हा पर्याय मुळातच बाद आहे.

बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशबद्दल मोठा गैरसमज आहे, तो असा की महाग आहे म्हणजे मऊच असणार. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप अशा प्रती सांगितल्या जातात, पण त्यांना सर्व उत्पादकांनी मानलेले एकच प्रमाण नाही. एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’ इतका मऊ निघू शकतो. खालच्या प्रतीच्या ब्रशमध्ये गुच्छाला आकार देण्यासाठी केसांची टोके अनेकदा कापलेली असतात आणि कापलेले टोक सुईसारखे बोचते. सिल्व्हरटिपमध्ये नैसर्गिक, निमुळते टोक राखलेले असते, म्हणून तो खरोखर मऊ लागतो, पण त्याची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर जाते. नाजूक त्वचेसाठी ‘प्युअर बॅजर’ एवढेच लिहिलेला ब्रश घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला सिंथेटिक ब्रश, आणि माझी निवड तीच आहे. जुन्या नायलॉनच्या ब्रशमुळे या प्रकाराचे नाव खराब झाले होते; ते दाठर असत आणि फेस धरून ठेवत नसत. आताचे कृत्रिम तंतू टोकाशी अतिशय निमुळते केलेले असतात. जर्मनीच्या म्यूलेचा ‘सिल्व्हरटिप फायबर’ या बाबतीत वरच्या दर्जाचा मानला जातो. मी वापरतो तो चिनी याकी कंपनीचा २४ मिलिमीटर गुच्छाचा ‘टक्सिडो’, काळ्या केसांचा आणि पांढऱ्या टोकांचा. कोरड्या गालावर, अगदी ओठाच्या कोपऱ्याशी तो दाबून फिरवला तरी कुठे टोचत नाही. भिजत ठेवण्याची गरज नाही. नळाखाली धरून दोनदा झटकला की पुरे, कारण तंतू पाणी शोषत नाहीत, ते फक्त त्यांच्यामध्ये अडकून राहते. याचमुळे सुरुवातीला पाणी कमी घ्यावे, नाहीतर फेस पातळ होऊन मनगटावर ओघळतो. बदामाएवढी क्रीम दोन वेळच्या फेसाला पुरते. आमच्या विहिरीच्या पाण्यात फेस झटकन दाटतो. ज्यांच्याकडे बोअरचे जड पाणी येते त्यांना साबण थोडा जास्त लागेल.

एक उणीव सांगायला हवी. काही सिंथेटिक ब्रश फार उसळी घेणारे असतात, दाबले की लगेच ताठ होतात आणि फेस इकडेतिकडे उडवतात. म्हणून दुकानात पाहताना नुसती टोके चाचपू नयेत, तर गुच्छ तळहातावर दाबून तो सहज पसरतो का, हेही पाहावे. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात खोक्यात बंद असलेला ब्रश उघडून दाखवायला दुकानदार तयार नसेल, तर तो घेऊ नये.

मऊ ब्रशसुद्धा जोर लावून गोल गोल रगडला तर त्वचा सोलवटते. गालांवर हलके गोल फिरवावे. मानेवर मात्र रंगाऱ्यासारखे वर-खाली हात मारावेत आणि तेही केसांची फक्त टोके टेकवून. मेंथॉल किंवा उग्र सुगंधाचे साबण टाळावेत, कारण आग पुष्कळदा त्यांचीच असते आणि बोल ब्रशला लागतो. पूने भरलेल्या पुटकुळ्या वारंवार येत असतील तर ब्रश बदलत न बसता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे.

स्वच्छतेच्या बाबतीत ढिलाई नको. पहिल्या महायुद्धाच्या काळात, नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळे सैनिकांना अँथ्रॅक्स झाल्याच्या नोंदी आहेत. आजच्या ब्रशला ती भीती नाही, पण मुळाशी साचलेला साबण आणि ओल बुरशीला पुरते. वापरून झाल्यावर मुळापर्यंत धुऊन, झटकून, टॉवेलवर हलकेच पुसून ब्रश न्हाणीघराबाहेर, वारा लागेल अशा जागी ठेवावा. उभा ठेवला काय किंवा उलटा टांगला काय, फारसा फरक पडत नाही. मूठ राळेची किंवा ॲक्रिलिकची घ्यावी. लाकडी मूठ दिसायला देखणी असते, पण आपल्या पावसात ती फुगते, तिचे पॉलिश सुटते आणि कालांतराने गुच्छ बसवलेल्या जागी चीर पडते.