मराठी विकिपीडिया: चप्पल लाईनमधून तीन वर्षांचा अनुभव

चार तारे देतोय. पाचवा का राखून ठेवला ते पुढं कळेल.

आमचं कोल्हापुरात शिवाजी चौकाजवळ चप्पल लाईनमध्ये कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लिहिण्या-वाचण्यातला माणूस मी नव्हे. तीन वर्षांपूर्वी पुण्याचं एक गिऱ्हाईक आलं, कापशी प्रकारच्या कोल्हापुरीचा जोड पायात घालून बघितला, नऊशे ऐकल्यावर मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. "काका, ही चप्पल कर्नाटकातपण बनते असं लिहिलंय इथं. मग कोल्हापुरी कसली?" बघतो तर मराठी विकिपीडिया. भाव पाडायला चाललंय हे कळत होतं, तरी डोकं फिरलं. जोड सातशेला गेला.

दुपारी भाच्याला बोलावलं. तो शिवाजी विद्यापीठात शिकतो. म्हटलं, हे खोडायचं कसं दाखव.

"वर 'संपादन' लिहिलंय बघा मामा. दाबा."

एवढंच. फॉर्म नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. मी कर्नाटकाचं वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं, "अस्सल कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरातच बनते. जगात तिला तोड नाही." बटण दाबलं आणि लगेच पानावर दिसलं. लय भारी वाटलं. चहा सांगितला. चहा पिऊन होतोय तोवर माझी दोन्ही वाक्यं गायब आणि कर्नाटक जागेवर परत.

मी म्हटलं, कोण आहे हा? भाच्यानं 'इतिहास पहा' उघडलं. या अभिप्रायातले तीन तारे या एका बटणाचे आहेत. लेख पहिल्यांदा लिहिला गेला तेव्हापासूनचा प्रत्येक बदल तिथं ओळीनं मांडलेला: कोणी केला, किती वाजून किती मिनिटांनी केला, मजकूर किती वाढला, किती कमी झाला. माझा बदल होता, त्याच्यावर तो उलटवणाऱ्याचा बदल होता, आणि शेजारी कारण लिहिलेलं होतं: संदर्भ नाही, भाषा जाहिरातीची.

आमचे वडील रोजमेळात आकडा चुकला तर खोडरबर लावू द्यायचे नाहीत. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, आणि रेघेखालचा आकडा वाचता आला पाहिजे. गिचमिड करून झाकला तर पान नव्यानं लिहायला लावत. इथं तोच कायदा दिसला. मी कर्नाटक खोडलं होतं ते आजही इतिहासात दिसतं. (कधीतरी बदनामीचा मजकूर, कुणाचा खाजगी फोन नंबर असलं काही आलं तर ते इतिहासातूनही झाकतात. तेवढं सोडून सगळं उघडं.)

मग नाद लागला. याची सुरुवात कुणी केली ते वाचत बसलो. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर या दोघांनी २००० साली आधी न्यूपीडिया नावाचा कोश काढला होता. लिहिणारे तज्ज्ञ, आणि लेख सात चाळण्यांतून जाणार. पहिल्या वर्षात लेख झाले एकवीस. एका चपलेमागं सात मुकादम बसवल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरची 'विकी' पद्धत, म्हणजे पान कुणीही बदलावं अशी, त्यांच्या कानावर आली. विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत झटपट, आणि हे नाव त्यानं होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसवरून उचललेलं. १५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला तो न्यूपीडियाला कच्चा माल पुरवायला म्हणून, आणि वर्ष संपेपर्यंत वीस हजारांच्या आसपास लेख. मूळ दुकान बंद पडलं आणि मागची वखार चालली, असा प्रकार. सँगर २००२ मध्येच बाहेर पडले आणि पुढं तज्ज्ञांना मान नाही म्हणून टीका करत राहिले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ चा, महाराष्ट्र दिनाचा.

म्हणून वाईच्या विश्वकोशाला मी नावं ठेवणार नाही. तर्कतीर्थांच्या हाताखाली पहिला खंड १९७६ ला आला, विसावा २०१५ ला. त्याच्या आधी केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, ते तर कंपनी काढून, शेअर विकून. तिथं लिहिणारा कोण आहे बघून विश्वास ठेवायचा. इथं लिहिणारा कोण हे कुणी विचारतच नाही, मजकूर कुठून आणला तेवढं विचारतात. चामड्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मी भाच्याला म्हटलं, मला संदर्भ मागतोय होय? मीच संदर्भ आहे! तो म्हणाला, "मामा, तुमचं खरं असंल. पण वाचणाऱ्यानं ते तपासायचं कुठं? तुमच्या दुकानात यायचं काय?"

आता कारभाराबद्दल, कारण लोक मला तेच विचारतात: मालक कोण? २००३ पासून विकिमीडिया फाउंडेशन नावाची अमेरिकेतली ना-नफा संस्था आहे. सर्व्हर, नाव, पैसा तिच्याकडं. कोल्हापुरी चपलेच्या लेखात काय लिहायचं हे मात्र ती सांगत नाही, ते ज्या त्या भाषेतले लिहिणारेच ठरवतात. त्यांच्यातल्याच काही जुन्यांना चर्चा करून 'प्रचालक' नेमतात. प्रचालकाला पान वगळता येतं, कुलूप लावता येतं, धिंगाणा घालणाऱ्याला काही दिवस बाहेर बसवता येतं. पण वादात त्याचं मत जास्त वजनाचं धरत नाहीत, निदान नियम तसा आहे. मराठीत असे प्रचालक बोटांवर मोजण्याइतके. मोठे प्रश्न 'चावडी'वर येतात. होय, पानाचं नावच चावडी आहे. नवख्यानं गिरवायला 'धूळपाटी'. आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रामला 'सांगकाम्या'. हे शब्द ज्यांनी कुणी बसवले त्यांना दुकानात कधीही या, चहा माझ्याकडं.

मतदान शक्यतो करत नाहीत, हे माझ्या गळी उतरायला सगळ्यात अवघड गेलं. मी तालमीच्या मंडळाच्या बैठकांत वाढलोय. ज्याच्या मागं पोरं जास्त, त्याचा ठराव पास, नाहीतर ज्याचा आवाज मोठा त्याचा. इथं वीस जणांनी येऊन 'सहमत' लिहिलं आणि एकानं येऊन पुरावा ठेवला, तर पुराव्यासमोर वीस जणांना उत्तर द्यावं लागतं. इंग्रजीत आणखी एक नियम आहे, चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली की बंदी येऊ शकते, मग तुमचं बरोबर का असेना. असला नियम मंडळाच्या मिरवणुकीला लावला पाहिजे.

तर मी लेखाच्या 'चर्चा' पानावर गेलो. मजकुराच्या शेवटी चार टिल्ड (~ ही खूण) मारले की आपोआप सही उमटते. समोरचा कर्नाटकातल्या अथणीकडचा निघाला, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी तावातावानं लिहिलं होतं की शाहू महाराजांनी या धंद्याला हात दिला, चप्पल आमची. त्यानं शांतपणे लिहिलं की त्याबद्दल वाद नाही, पण २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून आहे. महाराष्ट्रातले चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. खाली सरकारी नोंदीचा दुवा.

मी मोबाईल ठेवला आणि मागच्या फळीकडं बघितलं. माझ्या दुकानातला निम्मा माल अथणी-निपाणीकडून येतो. अख्ख्या लाईनला माहीत आहे. मी काय भांडत होतो? रात्री शटर ओढल्यावर आठही जिल्ह्यांची नावं मीच लेखात घातली आणि त्या दुव्याचा संदर्भ जोडला. तो माझा पहिला टिकलेला बदल.

त्यानंतर बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं चामडं कमवतात त्यावर एक परिच्छेद टाकला, पुस्तकातनं संदर्भ काढून. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून गावात आहे आणि माझ्या दुकानापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण शाळा सुटल्यानंतर मी पायरी चढलो ती या चपलेसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये एका बड्या इटालियन कंपनीनं आपल्यासारख्या चपला मांडल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा मला लेखात एकच शब्द लिहायचा होता: चोरी. बोट बटणावर होतं. नियम असा की आपण निवाडा द्यायचा नाही, कोण काय म्हणालं ते सांगायचं. मग लिहिलं की टीका झाली, आणि नंतर कंपनीनं ही रचना भारतीय चपलांवरून प्रेरित असल्याचं मान्य केलं. छापून आलेल्या बातम्यांचे संदर्भ जोडले. वाचायला मिळमिळीत आहे, पण एकानंही उलटवलं नाही.

पैशाचं. जाहिरात नाही, कधीच नाही. २००२ मध्ये जाहिराती येणार अशी नुसती चर्चा झाली तर स्पॅनिशवाले बरेचसे वेगळे निघाले आणि त्यांनी आपला स्वतंत्र कोश मांडला.  चालतं ते देणग्यांवर. कधीकधी वर पट्टी येते, थोडे पैसे द्या म्हणून. आता ही पट्टी वाचून असं वाटतं की उद्या दुकान बंद पडतंय. फाउंडेशनकडं शेकडो कोटींची शिल्लक आहे, हिशेब तेच प्रसिद्ध करतात. मागा, पण रडून मागू नका. मी एकदा दिले, पट्टीमुळं नाही, इतिहासाच्या बटणामुळं.

उणिवा. इंग्रजीत ७० लाखांच्या घरात लेख, मराठीत लाखाच्या आसपास, आणि त्यातले पुष्कळ दोन ओळींचे. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, खाली हवामान आणि लोकजीवन असे मथळे, मथळ्याखाली काहीच नाही. रिकामी खोकी मांडून फळी भरलेली दाखवायची, ही आयडिया आम्हाला नवीन नाही. दुसरं, नजरा कमी. २००५ मध्ये अमेरिकेत जॉन सायगेनथेलर या पत्रकाराच्या लेखात कुणीतरी केनेडींच्या खुनाशी त्यांचा संबंध जोडून ठेवला, आणि इंग्रजीत, एवढी माणसं असून, ते चार महिने तसंच राहिलं. त्यानंतर तिथं नाव न नोंदवता नवीन पान काढणं बंद केलं. मराठीत एखाद्या कोपऱ्यातल्या लेखात चूक शिरली तर कोण बघणार? ज्यानं तो लेख आपल्या 'पहाऱ्याच्या सूची'त घातलाय तोच. माझ्या सूचीत अकरा लेख आहेत. खासबाग मैदान, रंकाळा, राधानगरी धरण वगैरे. सकाळी दुकान झाडून झालं की एक फेरी मारतो.

आणि पाचवा तारा. आमच्याकडं एक जुने कारागीर आहेत, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. वय पंच्याहत्तरच्या पुढं. पुकरी जातीच्या चपलेचा कान कसा कापायचा, वेणी घालताना वादी, म्हणजे चामड्याची पट्टी, किती ओली पाहिजे, हे त्यांच्या बोटांना माहीत आहे. वादी गालाला लावून बघतात. गार लागली पण ओल गालावर राहिली नाही, की घ्यायची. मी हे लेखात लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाक्याच्या शेपटाला कंसात बारीक अक्षरं: 'संदर्भ हवा'. कुठल्या पुस्तकात नाही ना ते! २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत तोंडी सांगितलेली माहिती संदर्भ म्हणून धरून बघायचा प्रयोग झाला होता, पण नियम काही बदलला नाही. नियम का आहे ते मला कळतं, मीच 'फक्त कोल्हापुरातच बनते' लिहिणारा माणूस आहे. तरी ज्यांच्या हातात धंदा आहे त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत, आणि ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांनी वादी गालाला लावली नाही.

फोटोला मात्र संदर्भ लागत नाही. आण्णांच्या हातांचे सहा फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या कोठारात, चढवले, रापी, आरी, मोगरी सगळी हत्यारं दिसतायत. परवाना असा की कुणीही वापरा, विक्रीला वापरा, फक्त काढणाऱ्याचं नाव द्या. एका ऑनलाइन दुकानानं त्यातला एक उचलला, नाव नाही. फोन केला तर म्हणाले, नेटवर फुकट होता. त्यांना परवान्याचा दुवा दोनदा पाठवला, अजून काही नाही.

आण्णांना मोबाईलवर लेख दाखवला तेव्हा त्यांनी विचारलं, "माजं नाव हाय का ह्यात?" मी म्हटलं, नाव नाही आण्णा, हात आहेत. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "नखं कापाय पायजे हुती."

'संदर्भ हवा' अजून तिथंच आहे. ते काढायला मला अर्धा मिनिट लागेल. भाचा म्हणतो, विद्यापीठातल्या कुणाला तरी आण्णांची मुलाखत घेऊन छापायला लावू, मग तोच संदर्भ. दोन ठिकाणी विचारून झालं आहे. यांपैकी कुणी हे वाचत असेल तर दुपारी दोन ते चार या, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं आणि आण्णा बोलायच्या मूडमध्ये असतात.