भाड्याच्या फ्लॅटची वीज कंपनी बदलली, सहा महिन्यांचा अनुभव

पाचपैकी चार स्टार देतेय. नवी कंपनी चांगली आहे, ॲप अडकत नाही, चॅटवर खरा माणूस बोलतो, बिल वाचून कळतं. एक स्टार कापलाय तो मीटरच्या आकड्यांचा जो घोळ झाला त्यासाठी, आणि तो निस्तरायला पाच आठवडे गेले म्हणून. तो कोणाच्याही बाबतीत होऊ शकतो, आणि रूम शेअर करून राहताना विजेचं बिल हा विषय कोणीच मनावर घेत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये. राहायला आलो तेव्हा आधीच्या भाडेकरूंची कंपनी होती तीच चालू राहिली, आम्ही काही निवडलंच नव्हतं, आणि न निवडता आपोआप जो प्लॅन लागतो तो बहुतेक वेळा महागातला असतो. हे दुसऱ्या बिलाला कळलं. मग प्रश्न आला की भाडेकरूला कंपनी बदलता येते का. तर जिथे घरगुती ग्राहकाला कंपनी निवडायची मुभा आहे (ब्रिटनमध्ये १९९९ पासून, युरोपियन युनियनमध्ये जुलै २००७ पासून, जपानमध्ये एप्रिल २०१६ पासून), तिथे साधारण हिशोब असा, की बिल ज्याच्या नावावर, निवड त्याची. भाड्यातच वीज धरलेली असेल आणि बिल मालकाच्या नावावर असेल तर मग मालकालाच पटवावं लागतं. आमच्या ॲग्रीमेंटमध्ये एकच ओळ होती, बदलायच्या आधी कळवा.

मालकांना फोन केला तर त्यांना वाटलं आता माणसं येऊन भिंत फोडणार, नवीन वायरिंग करणार. म्हटलं काका, वायर तीच, मीटर तोच, रस्त्यापासून घरापर्यंतची लाइन सांभाळणारी कंपनीसुद्धा तीच, फक्त बिल दुसरं कोणीतरी पाठवणार. लाइट एक सेकंदही जाणार नाही. मग ते हो म्हणाले आणि मी ते मेसेजवर लिहून घेतलं. खरंच गेली नाही लाइट, कुठल्या दिवशी बदललं ते आम्हाला ईमेल आला म्हणून कळलं.

प्लॅन निवडताना आधी मी नुसता युनिटचा रेट बघत होते. रूममेट म्हणाली, अगं स्थिर आकार बघ, सुट्टीत दोन महिने फ्लॅटला कुलूप असतं तेव्हा पण तो रोज लागत राहणार. बरोबर होतं तिचं, सगळ्यात कमी रेटवाल्या प्लॅनचा स्थिर आकार सगळ्यात जास्त निघाला, आणि वर तो प्लॅन बारा महिन्यांचा, आमचं ॲग्रीमेंट दहा महिन्यांचं, मधेच सोडला तर दंड. आम्ही युनिटला थोडा महाग पण कधीही सोडता येणारा घेतला. स्टुडंटसाठी मला तोच योग्य वाटतो, कारण आपण कधी कुठे शिफ्ट होऊ ते आपल्यालाच माहीत नसतं.

कंपनी विचारते वर्षाला किती युनिट लागतात, तेव्हा बेडरूम मोजून अंदाज देऊ नका. खरं गणित हीटरचं असतं. २,००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो, संध्याकाळी तीन तास चालवला तर ६ युनिट, त्यापुढे मोबाईलचा चार्जर वगैरे काहीच नाही. आमच्या मीटरवर १,००० इम्प असं छापलंय, म्हणजे लाल दिवा १,००० वेळा लुकलुकला की १ युनिट. जिन्याखालच्या कपाटात टॉर्च लावून बसले, वरून रूममेटने हीटर चालू केला, आणि मिनिटाला ३५ मोजले. हीटरचे ३३ होतात, वरचे दोन फ्रिजचे असणार. मग मेन स्विच बंद करायला लावला, दिवा थांबला, म्हणजे मीटर आमचाच. ही खात्री जरूर करा, मीटरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर पण ताडून बघा, कारण एका ठिकाणी सहा मीटर असतील तर शेजारच्याचं बिल आपण भरत बसू शकतो.

आता तो घोळ. आमच्या मीटरमध्ये दिवसाचे आणि रात्रीचे आकडे वेगळे, स्क्रीन दर काही सेकंदांनी बदलते. बदलायच्या दिवशी दिवसाचं रीडिंग १९,८०४ होतं आणि रात्रीचं ३१,२५०. मी बरोबर भरलं, नव्या कंपनीने पुढे पाठवताना दोन्हीची अदलाबदल केली. जुन्या कंपनीचं फायनल बिल आलं तेव्हा हात गार पडले, आम्ही दिवसाचे अकरा हजारांवर युनिट दोन महिन्यांत वापरले असं त्यात होतं. जुनी कंपनी म्हणे आम्हाला जे आकडे मिळाले तेच लावले, नवीवाली म्हणे जुन्यांशी बोला. आमचं नशीब की मी दोन्ही स्क्रीनचे फोटो काढलेले, मीटरचा नंबर फोटोत दिसत होता आणि तारीख पण. ते फोटो दोघांना एकाच ईमेलमध्ये पाठवले, लेखी तक्रार म्हणून नोंदवा असं स्पष्ट लिहिलं, आणि तिथून पुढे काम हललं. नुसत्या फोनवर चार आठवडे गेले होते, ईमेलनंतर आठवडाभरात बिल दुरुस्त झालं. नव्या कंपनीने चूक मान्य केली, माफी मागितली, म्हणून एकच स्टार कापला.

राहायला याल त्या दिवशी सामान उघडायच्या आधी मीटरचा फोटो घ्या आणि सोडाल त्या दिवशी परत घ्या. दर महिन्याला ठरावीक रक्कम आपोआप कापून घेण्यापेक्षा आम्ही रीडिंग देऊन तेवढंच भरतो, नाहीतर उन्हाळ्यात जास्त कापलेले पैसे कंपनीकडे पडून राहतात आणि तोपर्यंत एखादी फ्लॅट सोडून गेलेली असते.

खातं एकीच्याच नावावर ठेवू नका. आमच्याकडे तेच झालं होतं, थकबाकी राहिली असती तर तिघींची वसुली एकटीकडून झाली असती. पुढच्या महिन्यात तीच निघतेय, काल चॅटवर माझं नाव जोडून घेतलं, दहा मिनिटं लागली, आणि ती जायच्या दिवशीचं रीडिंग आम्ही तिघी मिळून काढणार आहोत.