फोम की रॉकवूल? घरच्या स्टुडिओच्या भिंतींना काय लावायचं
आधीच सांगतो, स्पंजसारखा फोम लावा की रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची जाड लादी), खालच्या रिक्षाचा हॉर्न आत येणारच, कारण हे खोलीतला घुमारा कमी करतात, बाहेरचा आवाज अडवत नाहीत. फोम स्वस्त, चिकटवला की झालं, पण दोन इंची फोम मुख्यतः वरच्या फ्रिक्वेन्सी (उंच पट्टीतले आवाज) खातो, म्हणजे टाळी वाजवली की खोली मस्त शांत वाटते आणि डग्गा घुमतो तो घुमतोच. १०० हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या आवाजाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब, ती दोन इंचाला काय दाद देणार! रॉकवूलला सुताराकडून चौकट करून घ्या, वर कापड ताणा, कापताना हातमोजे-मास्क हवेतच, जाम खाज सुटते राव. पण चार इंची पॅनल कोपऱ्यात उभे केले की बेस (खर्जातला घुमारा) बराच आवरतो. नुसता व्हॉइसओव्हर असेल तर फोम चालेल, तबला-पेटीला मात्र रॉकवूलच.