अजाईल की वॉटरफॉल? आधी क्लायंटकडून कोण बसणार ते बघा

सॉफ्टवेअरचा नवीन प्रोजेक्ट आला की कामाच्या पद्धतीवरून पहिला वाद हाच, अजाईल करायचं की जुनं वॉटरफॉल, आणि हल्ली बरेच जण फार विचार न करता अजाईल म्हणून मोकळे होतात कारण प्रपोजलमध्ये ते बरं दिसतं. मी पुण्यात सर्व्हिस कंपन्यांमध्ये दोन्ही पद्धतीने कामं केलीत, दोन्हीकडे हात पोळलेत, त्यामुळे ज्यांना आत्ता ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

वॉटरफॉल म्हणजे आधी सगळ्या रिक्वायरमेंट, म्हणजे क्लायंटला काय काय हवंय ते, लिहून सही घ्यायची, मग डिझाईन, कोडिंग, टेस्टिंग आणि शेवटी यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः तपासून बघणं. अजाईलमध्ये दोन-तीन आठवड्यांचा एकेक टप्पा, त्याला स्प्रिंट म्हणतात, थोडंच काम घ्यायचं पण चालतं करून दाखवायचं, क्लायंट बघून काय म्हणतो त्यावरून पुढचं ठरवायचं. वॉटरफॉलचं ते पायऱ्यापायऱ्यांचं चित्र विन्स्टन रॉईस यांच्या १९७० च्या पेपरमधलं मानतात, पण तो पेपर वाचला तर त्यांनी तिथेच लिहिलंय की अशी सरळ एका दिशेने जाणारी पद्धत धोक्याची आहे, नवीन प्रकारचं काम असेल तर आधी एकदा लहान स्वरूपात करून बघा. लोकांनी चित्र उचललं आणि खालचा मजकूर सोडून दिला.

हा धोका काय असतो ते मी स्वतः बघितलंय. एका कारखान्याच्या स्टोअर्ससाठी सिस्टिम करत होतो, एसआरएस (सगळ्या रिक्वायरमेंट लिहिलेला दस्तऐवज) १४० पानांचा, परचेस मॅनेजरची पानापानावर सही. त्यात होतं की पीओ (परचेस ऑर्डर) नंबर टाकल्याशिवाय माल आत घेता येणार नाही, आम्ही तसंच बनवलं, आठ महिने गेले. यूएटीला स्टोअरकीपर काका पहिल्यांदा स्क्रीनसमोर बसले, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "अहो, आमच्याकडे गाडी रात्री येते, ड्रायव्हर माल टाकून जातो, पीओ सकाळी ऑफिस उघडल्यावर मिळतो, मग रात्री मी हे भरू कसं?" झालं. हेच पहिल्या महिन्यात कळलं असतं तर दोन दिवसांचं काम होतं, आता स्टॉक, बिलिंग, क्वालिटी चेक सगळं त्या पीओ नंबरला बांधलेलं, ते सोडवायला सात आठवडे गेले आणि चेंज रिक्वेस्टचे, म्हणजे सहीनंतर मागितलेल्या बदलांचे, पैसे कोणी द्यायचे यावरून जी भांडणं झाली ती वेगळीच.

मोठ्यांचंही असंच होतं. अमेरिकेत एफबीआय या तपास यंत्रणेने आपल्या केसेसच्या फायलींसाठी व्हर्च्युअल केस फाईल नावाची सिस्टिम करायला घेतली होती, सुमारे १७ कोटी डॉलर खर्च करून २००५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. त्यानंतर त्याच कामासाठी सेंटिनल नावाची दुसरी सिस्टिम करायचं काम सुरू केलं, तेही रखडलं, मग २०१० मध्ये एफबीआयने काम बऱ्याच अंशी स्वतःकडे घेऊन दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये केलं आणि २०१२ च्या जुलैत ते तिथल्या सगळ्यांना वापरायला मिळालं. माझ्या मते यात स्प्रिंटइतकंच महत्त्वाचं हे की वापरणारे आणि बनवणारे एकाच संस्थेत आले.

कारण तसं नसेल तर अजाईलसुद्धा बुडतं. आमचा दुसरा प्रोजेक्ट पूर्ण अजाईल होता, रोजचा स्टँडअप (उभ्याउभ्या छोटी मीटिंग), कामांचा बोर्ड, रेट्रो (स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते बघणं) सगळं होतं, फक्त प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते क्लायंटच्या वतीने ठरवणारा माणूस, दुसऱ्या देशात आणि त्याला आमच्या डेमोला यायला वेळ नाही. मग स्टोरीचा, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवंय ते थोडक्यात लिहिलेल्या मागणीचा, अर्थ आम्हीच लावायचो, आम्हीच पास करायचो, आणि चार महिन्यांनी तो आला तेव्हा म्हणाला की हे मला नकोच होतं. वर काँट्रॅक्ट फिक्स्ड प्राईस, म्हणजे बदल हवे तेवढे मागा पण पैसे तेवढेच, आणि पोरं शनिवार-रविवार ऑफिसमध्ये. हे खूप ठिकाणी चालतं आणि याला अजाईल म्हणणं मला पटत नाही. २००१ च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाईलचा जो मॅनिफेस्टो (जाहीरनामा) लिहिला त्यात काँट्रॅक्टच्या वाटाघाटींपेक्षा कस्टमरबरोबर मिळून काम करण्याला जास्त किंमत दिलीय, मग कस्टमरच नसेल तर उरलं काय. आणि त्याच मॅनिफेस्टोत शेवटी असंही आहे की ज्या गोष्टींना कमी महत्त्व दिलं त्यांनाही किंमत आहेच, त्यामुळे अजाईल आहे म्हणून डॉक्युमेंट नको असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, वर्षभराने मेंटेनन्सला येणाऱ्या माणसाचे हाल होतात.

आता वॉटरफॉल कुठे चांगलं. जिथे चूक नंतर दुरुस्तच करता येत नाही तिथे. १९९६ च्या ४ जूनला एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात उडाल्यावर ४० सेकंदांच्या आत फुटलं, एरियान ४ साठीचा कोड तसाच घेतला होता, नव्या रॉकेटचा वेग जास्त, ६४ बिटचा आकडा १६ बिटमध्ये मावला नाही. तिथे पुढच्या स्प्रिंटला बघू असं म्हणता येत नाही, रिक्वायरमेंट एकेक करून तपासाव्याच लागतात. मेडिकल मशीन, गाडीचे ब्रेक यांचंही तसंच. जुनी सिस्टिम जशीच्या तशी नव्या डेटाबेसवर न्यायची असेल तरी वॉटरफॉल बरं पडतं, कारण काय हवंय ते समोरच चालू असतं. सरकारी टेंडरमध्ये तर बऱ्याचदा पेमेंटच टप्प्यांवर असतं, एसआरएस मंजूर झाला की पहिला हप्ता, तिथे तुम्हाला आवडो न आवडो, वॉटरफॉलच.

मधला रस्ताही असतो, जीएसटीचा नियम किंवा बँकेशी जोडणी असा न हलणारा भाग आधी नीट लिहून घ्यायचा आणि स्क्रीन, रिपोर्ट, अप्रूव्हल वगैरे स्प्रिंटमध्ये करायचं. आमच्याकडे सध्या हेच चालतं. काँट्रॅक्ट मात्र तसंच हवं, पहिला भाग फिक्स्ड आणि पुढचा महिन्याच्या टीमच्या हिशोबाने.

तरीही ठरत नसेल तर पहिल्याच मीटिंगला क्लायंटला विचारा, दर दुसऱ्या शुक्रवारी दोन तास आमच्याबरोबर कोण बसणार, आणि हे चालेल हे नाही असं तिथल्या तिथे सांगायचा अधिकार त्याला आहे का. नाव मिळालं तर अजाईल करा. "बघू, बसवतो कोणालातरी" असं उत्तर आलं तर वॉटरफॉल घ्या, पण सहीच्या आधी स्क्रीनची कच्ची चित्रं कागदावर काढून थेट स्टोअरमध्ये जा, रात्रपाळीला कोण असतं ते विचारा आणि त्यांना दाखवा.